आषाढात गुऱ्हाळ बघायला आलेले साहेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातली खाद्य प्रक्रिया मेळाव्याची बातमी वाचली. फोटो झकास आहे. व्यासपीठावर फेटेच इतके, की गुळाची ढेप शोधावी लागली.

सरकारच्या 'एक जिल्हा एक उत्पादन'मध्ये कर्नाटकातल्या आमच्या बेळगाव जिल्ह्याच्या वाट्याला गूळ आला, याचा आम्हा निपाणी भागातल्या गुऱ्हाळवाल्यांना आनंदच आहे. कर्ज काढून यंत्रे घेतली, तर खर्चावर केंद्राचे 35 टक्के, वर राज्याचे 15 टक्के, म्हणजे निम्मे अनुदान. ते तीन वर्षे बँकेतच अडकून राहते, हे मात्र भाषणात कुणी बोलले नाही.

मला छोट्या वड्यांचे स्टीलचे साचे आणि पॅकिंग मशीन घ्यायचे होते. कर्जासाठी अर्ज केला दिवाळीनंतर, रस उकळायची भट्टी, म्हणजे चुलवाण, पेटलेले असताना. बँकेचे साहेब पाहणीला उगवले ते ऐन आषाढात. रस आटवायची काहील पालथी, चुलवाणात पाणी, चिपाडे भिजून काळी पडलेली, गूळ करणारे गुळवे आपापल्या गावी. साहेब बुटाला चिखल लागेल म्हणून बांधावरच थांबले आणि 'युनिट बंद अवस्थेत' असा शेरा मारून गेले. अहो, भर पावसात गुऱ्हाळ चालवतो कोण? दहा लाखांपर्यंतच्या अशा कर्जाला तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम दाखवला, तर म्हणाले, "ते वरचं झालं, तुम्ही जमिनीचा उतारा आणा." अर्ज, सूचना सगळे कानडीत. मुलाने वाचून दाखवले म्हणून निभावले. साहेबांचा शेरा मात्र न वाचताही कळला.

शेवटी नेहमीप्रमाणे गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, टेम्पोत भरून कोल्हापूरला. तिथल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, चांगलेच आहे. पण आमचा रवा तिथल्या सौद्यात, म्हणजे लिलावात, उतरला की 'कर्नाटकचा माल' म्हणून नाके मुरडतात. इकडे सरकारी कचेरीत आम्ही महाराष्ट्राचे, तिकडे आमचा गूळ कर्नाटकचा! मार्केटिंगला मदत करायची तर आधी या गुळाला इथे खरेदीदार आणा, फेटे नंतर बांधू.

मेळाव्यात सत्कार झालेल्यांपैकी किती जणांच्या खात्यावर कर्ज जमा झाले, तेवढे आपल्या बातमीदाराने विचारावे. आणि जाता जाता, सोन्याचा दर आपण रोज छापता, गुळाच्या सौद्याला मात्र हंगामातही जागा मिळत नाही. चार ओळी पुरतील.

आपला,
एक गुऱ्हाळवाला, ता. निपाणी