संक्रांतीच्या फोनवर जे बोलले नाही

एव्हरेट, वॉशिंग्टन राज्य
19 जानेवारी 2025

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीला फोनवर बाबांनी विचारले, "बोइंगच्या कपातीचे वाचले, तुझे काय?" आणि मी "सगळे ठीक आहे" म्हणून आईच्या गुळपोळ्यांकडे विषय वळवला. ते उत्तर अर्धे होते आणि तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून आज सवडीने लिहायला बसले आहे. माझी नोकरी शाबूत आहे, हे आधी सांगते. पण आमच्या लहानशा कार्यालयातील चाळीस जणांपैकी पाच जणांना डिसेंबरात कमी केले आणि त्यांतले एक गृहस्थ माझ्या शेजारच्या टेबलावर बसत असत.

बाबांना आकड्यांशिवाय बातमी कळत नाही, म्हणून तेही लिहिते. 11 ऑक्टोबरला बोइंगचे प्रमुख केली ऑर्टबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना पत्र पाठवून सुमारे दहा टक्के, म्हणजे जवळपास 17,000 जागा कमी करणार असल्याचे कळवले. अधिकारी, व्यवस्थापक आणि साधे कर्मचारी असे सगळेच त्यात येणार होते. ट्रिपल सेव्हन एक्स या नव्या विमानाची पहिली डिलिव्हरी 2026 वर गेल्याचेही त्याच पत्रात होते. तेव्हा इथल्या 33,000 कामगारांचा संप चालू होता; तो 13 सप्टेंबरला सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, चार वर्षांत 38 टक्के पगारवाढीच्या करारावर मिटला. कामगार कामावर परतले आणि आठवडाभरातच इतरांच्या हाती नोटिसा पडू लागल्या. अभियंत्यांच्या संघटनेचे चारशेहून अधिक सभासद त्यांत होते. कायद्याने साठ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते, त्यामुळे पहिल्या तुकडीचा शेवटचा दिवस परवाच्या शुक्रवारी, 17 तारखेला होता.

एव्हरेटमध्ये याची झळ घरोघर कशी पोहोचली, हे ओझरसारख्या विमान कारखान्याच्या गावातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. आकारमानाने जगातली सर्वांत मोठी इमारत म्हणजे इथला विमान कारखाना, आणि त्याला लागूनच पेन फील्डची धावपट्टी आहे. नवे विमान पहिल्या चाचणीला निघाले की ते आमच्या घरांवरून जाते. समोरच्या घरातील गृहस्थ सव्वीस वर्षे त्या कारखान्यात होते, आणि नुसत्या आवाजावरून "हे मालवाहू सात-सहा-सात" असे ते घरातूनच सांगत. शनिवारी सकाळी पावसाची भुरभुर चालू असताना ते अंगणात कचऱ्याचा डबा घेऊन उभे होते. वरून विमान गेले, पण त्यांनी मान वर केली नाही. मी हाक मारली तर हसून म्हणाले, "आता सवय मोडायला हवी." त्यापुढे मला काही बोलता आले नाही.

लोक सारखे वागत नाहीत. काही जण संतापले आहेत, आणि तो संताप कोणावर काढावा यावरून एकाच गल्लीतल्या माणसांत बिनसले आहे. संपाने तिजोरी रिकामी केली आणि भुर्दंड आम्हाला पडला, असे कमी झालेले काही अभियंते म्हणतात. कामगारांचे म्हणणे असे, की 2014 च्या करारात आमचे निवृत्तिवेतन गोठवले गेले, ते या संपानंतरही परत मिळालेले नाही, आणि वर्षानुवर्षांच्या चुकीच्या निर्णयांचे खापर आमच्यावर फोडू नका. मला विचाराल तर कामगारांचे पारडे जड वाटते. 2018 आणि 2019 मध्ये बोइंगच्या विमानांच्या दोन अपघातांत 346 माणसे गेली, गेल्या जानेवारीत उडत्या विमानाचा दरवाजाच्या जागी बसवलेला भाग निखळला. कंपनीची घडी त्यापायी विसकटली, आणि ते सात आठवड्यांच्या संपाच्या आधीचे आहे.

जुनी माणसे मात्र 1971 सालची आठवण काढतात. तेव्हा बोइंगचा स्वनातीत, म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, प्रवासी विमानाचा प्रकल्प अमेरिकी संसदेने गुंडाळला, कंपनीची इथली एकेकाळची लाखभर नोकरदारांची संख्या चाळीस हजारांच्याही खाली आली, आणि विमानतळाजवळ कोणीतरी फलक लावला होता, "सिएटल सोडून जाणाऱ्या शेवटच्या माणसाने दिवे मालवावेत." समोरच्या गृहस्थांच्या वडिलांची नोकरी त्याच वर्षी गेली होती.

आता माझ्या टेबलाशेजारच्या सहकाऱ्याविषयी. आमचे कार्यालय विमानाच्या सुट्या भागांवर किती ताण येतो याची गणिते करून देते; ते गृहस्थ त्यात माझे गुरू होते. त्यांना व्हिडिओ कॉलवर दहा मिनिटांत सांगण्यात आले आणि कॉल संपेपर्यंत त्यांचा संगणक बंद झाला होता. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "माझी अर्धी झालेली गणिते कोणाकडे देऊ?" कोणी उत्तर दिले नाही. बाबा, त्या क्षणी मला तुमची निळ्या पुठ्ठ्याची वही आठवली. ओझरच्या विमान कारखान्यातून, एचएएलमधून, निवृत्त होताना शेवटचा महिनाभर तुम्ही रोज संध्याकाळी जिगची, म्हणजे सुटे भाग जागेवर धरून ठेवणाऱ्या साच्यांची, मापे आणि कुठे काय अडते ते त्या वहीत उतरवत होता, आणि शेवटच्या दिवशी ती शॉपमधल्या तरुण फिटरच्या हातात दिलीत. त्या सहकाऱ्याला तेवढेही करू दिले नाही, याचे मला फार वाईट वाटते. त्यांची फाइल आता माझ्याकडे आली आहे. समासातील त्यांची अक्षरे वाचते आणि अडले की संध्याकाळी त्यांनाच फोन करते. ते अजूनही तितक्याच आस्थेने समजावतात. त्यांच्या खुर्चीकडे पाहायला मला संकोच वाटतो.

त्या पाच जणांत सांगलीकडचा एक मुलगा आहे. त्याच्या व्हिसाच्या नियमाने साधारण साठ दिवसांत नवी नोकरी मिळाली नाही, तर गाशा गुंडाळावा लागेल. त्यातले तीस दिवस सरले आहेत. त्याने घरी अजून सांगितलेले नाही. आईचा रक्तदाब वाढेल, म्हणतो. त्याचे ऐकताना मला माझे "सगळे ठीक आहे" आठवले. दर बुधवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. आई, तू दिलेले मेतकूट त्यानेच संपवले, त्यामुळे पुढच्या पार्सलात थोडे जास्त घाल.

माझ्यावर वेळ आली तर काय, हेही लिहिते. सहा महिने निभेल इतकी शिल्लक बाजूला आहे आणि ग्रीन कार्ड असल्यामुळे साठ दिवसांची टांगती तलवार माझ्यावर नाही. तसे काही झालेच, तर त्याच दिवशी तुम्हाला फोन करीन, असा शब्द देते. बाबा, तो फिटर अजून संपर्कात असेल, तर त्या वहीतल्या एकदोन पानांचे फोटो मागवाल का? माझ्या त्या सहकाऱ्याला दाखवायचे आहेत.

तुमची,
मुग्धा