वास रात्रीचा, तपासणी दुपारची

मा. संपादक,
स. न.

परवा पहाटे पावणेतीनला सासूबाई उठल्या आणि एकेक खिडकी लावत सुटल्या. आम्ही कोपरखैरण्यात राहतो. थंडी पडू लागली की मध्यरात्रीनंतर कुजक्या अंड्यांसारखा वास घरात शिरतो. दांडीवरचे धुतलेले कपडे सकाळी पुन्हा बादलीत टाकावे लागतात.

तक्रार केली की दोन-तीन दिवसांनी, भर दुपारी प्रदूषण तपासणारी माणसं येतात. तेव्हा वास नसतो. कसा असेल? आमच्या पूर्वेला कारखान्यांचा पट्टा आणि पारसिकचा डोंगर, पश्चिमेला खाडी. दिवसा वारा खाडीकडून येतो, वास डोंगराकडे जातो. रात्री वारा फिरतो, गार हवा जमिनीलगत बसते आणि सांडपाण्याच्या उघड्या टाक्यांवरची हवा आमच्या उशाशी येते.

मग उत्तर मिळतं, ‘सर्व घटक मर्यादेत’. ते खोटं नसेलही. हवेच्या २००९च्या राष्ट्रीय मानकांत १२ घटक आहेत. त्यांत अमोनिया आहे, पण कुजक्या अंड्यांचा वास ज्याचा, तो हायड्रोजन सल्फाइड नाही. आणि तो हवेच्या अब्ज भागांत अवघे काही भाग असला तरी नाकाला कळतो.

वास मोजता येतो. हवेचा नमुना पिशवीत भरून आणायचा, त्यात स्वच्छ हवा मिसळत जायची. हुंगणाऱ्यांपैकी निम्म्यांनाच तो जाणवेल इतका विरळ करायला किती पट हवा लागली, ते त्या वासाचं माप. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची दुर्गंधीवरची मार्गदर्शिका २००८ची आहे. जर्मनीत तर प्रशिक्षित माणसं ठरलेल्या जागी उभी राहून वास नोंदवतात, आणि निवासी भागात वर्षातल्या १० टक्क्यांहून जास्त तास तो आढळला तर ते चालवून घेत नाहीत.

उपायही माहितीतलेच आहेत. साठलेल्या सांडपाण्यातला प्राणवायू संपला की जिवाणू त्यातल्या सल्फेटपासून हा वायू बनवतात. म्हणून टाक्यांत हवा खेळती ठेवायची, गाळ पडून राहू द्यायचा नाही, टाक्या झाकून आतली हवा स्क्रबरमधून, म्हणजे हवा धुणाऱ्या यंत्रातून, धुऊनच बाहेर सोडायची. झाकणाला खर्च आहे, मान्य. पण आज तो खर्च आमची मुलं झोप मोडून भरताहेत.

आमच्या सोसायटीतल्या चौघीजणी महिनाभर वही ठेवताहेत: वेळ, वास सौम्य की उग्र, दांडीवरचा कपडा कुठल्या बाजूला उडत होता. तपासणी करणाऱ्यांच्या कार्यालयात ती घ्यायला नकार मिळाला. ती दाखल करून घ्यावी आणि पुढची तपासणी रात्री १२ ते ५ दरम्यान, वारा पूर्वेचा असताना करावी, एवढीच मागणी आहे.

– एक रहिवासी, कोपरखैरणे, नवी मुंबई