आईचं ऑपरेशन आणि नाडी

ग्लासगो

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

"गॅसची भूल हिच्या हार्टला झेपेल ना?" हे तुम्ही फोनवर पुन्हा पुन्हा विचारता आणि मागून आई "मला काही होत नाही" म्हणून ओरडते. त्या गोंधळात आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनबद्दल नीट बोलणं होत नाही, म्हणून लिहायला बसले.

नाडी थोडी वरखाली होणारच. शेजारच्या काकांनी घातलेली भीती हॅलोथेन या भुलीच्या जुन्या गॅसची आहे. १९५६ साली आलेल्या त्या औषधाने ठोके मंदावायचे, आणि त्यावर अ‍ॅड्रेनलिन टोचलं तर लय बिघडायची. आईला बहुतेक सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन हे नंतरचे गॅस देतील. सेव्होफ्लुरेनने मोठ्या माणसाची नाडी फारशी हलत नाही, आयसोफ्लुरेनने जरा वाढते. डेसफ्लुरेन एकदम वाढवलं तर मात्र नाडी आणि बीपी दोन्ही उसळतात. इथे स्कॉटलंडमध्ये ते २०२३ पासून बंदच आहे, पण पर्यावरणापायी. खरं सांगू का, या सगळ्या गॅसने बीपी उतरतं, त्यावर आम्हा भूल देणाऱ्यांचा डोळा जास्त असतो.

पित्ताशय दुर्बिणीने काढताना पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. पोटाचा आतला पडदा ताणला की व्हेगस नर्व्ह, म्हणजे ठोके मंद करणारी नस, चाळवते, आणि ८० ची नाडी बघता बघता ४० वर येऊ शकते. अशा वेळी इंजेक्शनच्या आधी सर्जनला सांगायला तोंड उघडायचं: "सर, थांबा, पोटातला गॅस बाहेर सोडा!" पुष्कळदा तेवढ्यानेच नाडी सावरते. नाही सावरली तर नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी भरलेलं असतंच.

उलट नाडी धावायला लागली की लगेच ती दाबायला निघणारे मला पटत नाहीत. भूल उथळ झालीय का, वेदना पोचतेय का, कार्बन डायऑक्साइड साठलाय का, रक्त गेलंय का, हे आधी बघायचं. रक्त कमी पडल्यामुळे धावणारं हृदय औषधाने रोखलं तर बीपी कोसळेल.

आता तुमचं काम. आईची नाडी आवरणारी मेटोप्रोलॉलची गोळी ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर द्यायची. उपास म्हणून ती चुकवू देऊ नका. अचानक बंद केली तर नाडी उसळते. पण भुलीच्या डॉक्टरांना ती आवर्जून दाखवा, कारण या गोळीमुळे गरज असतानाही नाडी पुरेशी वाढत नाही. बीपीची टेल्मिसार्टन कदाचित आदल्या दिवशी थांबवायला सांगतील, त्यांचं ऐका. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत घाला. "ती छोटी गुलाबी गोळी" एवढ्यावर डॉक्टरांना काही कळत नाही.

आणि आईला म्हणावं, नेलपॉलिश काढून ठेव. बोटाला लावतात त्या चिमट्यावर ऑक्सिजन आणि नाडी दोन्ही बघतात.

तुमची,
मनू