सूचना : शनिवारचे अधिक्रमण निरीक्षण

सर्व सभासदांना नमस्कार.

शनिवारी रात्री आपण एचडी १८९७३३ या ताऱ्याचे निरीक्षण करणार आहोत. तो जंबुक तारकासमूहात, डंबेल तेजोमेघाच्या अगदी शेजारी आहे, त्यामुळे शोधायला सोपा. अंतर सुमारे ६४ प्रकाशवर्षे. त्याचा ग्रह २००५ मध्ये सापडला. गुरूपेक्षा थोडा मोठा असूनही तो सव्वादोन दिवसांत एक फेरी पूर्ण करतो. ग्रह स्वतः दिसणार नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना, म्हणजेच अधिक्रमणाच्या वेळी, पावणेदोन-दोन तास ताऱ्याचा प्रकाश जेमतेम अडीच टक्क्यांनी घटतो, तीच घट आपल्याला पकडायची आहे.

म्हणून कळकळीची विनंती : अधिक्रमणाच्या तासभर आधी चित्रण सुरू करा आणि संपल्यावरही तासभर चालू ठेवा. आधीची-नंतरची पातळी नसेल तर मधली घट मोजायची कशावरून? मागच्या वेळी माझी निम्मी रात्र अशीच वाया गेली. फोकस किंचित सैल ठेवा, म्हणजे ताऱ्याचा ठिपका पसरेल आणि कॅमेऱ्याचे पिक्सेल प्रकाशाने भरून जाणार नाहीत. एक्स्पोजर मध्येच बदलू नका. तुलनेसाठी, ज्यांचा प्रकाश बदलत नाही असे दोन-तीन तारे चौकटीत हवेतच.

कॅमेऱ्याचे घड्याळ इंटरनेटच्या वेळेशी जुळवून घ्या. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत कळवावे.