केरीतल्या अनोळखी मंडळींचे आभार

आयर्लंडच्या काउंटी केरीत पर्यटकांना सांभाळून घेणाऱ्या सगळ्यांचे मनापासून आभार.

‘रिंग ऑफ केरी’ या वर्तुळाकार रस्त्याच्या 179 किलोमीटरच्या फेऱ्यात टूरबस घड्याळाच्या उलट दिशेने जातात. तुम्हीही तसेच जा, बसमागे रखडाल, पण अरुंद वळणावर ती समोर येणार नाही, असं बजावणाऱ्यांचे आभार. कॉनर पास या अरुंद घाटात गाडी मागे घेऊन वाट देणाऱ्यांचेही.

पोर्टमगी गावच्या नावाड्यांचे विशेष! समुद्र खवळला की स्केलिग मायकल बेटाच्या धक्क्यावर ते कुणालाच उतरवत नाहीत. चिडचिड होते, पण वरच्या 618 दगडी पायऱ्या ओल्या झाल्या की पाय सटकतो. बहुतेक ठिकाणी कठडाही नाही.

आणि डेव्हिल्स लॅडर या डोंगरातल्या खड्या चढणीवर सुटा दगड निसटताच खालच्यांना ओरडून सावध करणाऱ्यांचे.