टेन्शनच्या नावावर खपवू नका

महोदय,

आमच्या थोरल्या भावाला शौचावाटे रक्त पडायचं. गावानं ठरवूनच टाकलं, 'मूळव्याध हाय, कर्जाच्या टेन्शननं वाढली.' दोन वर्षं झाडपाला झाला. शेवटी कापूस विकून नागपूर गाठलं. दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्यात पॉलिप, म्हणजे मांसल कोंब निघाला. तारेच्या फासानं तिथल्या तिथं काढलाही. पोटाला एक टाका नाही.

ताणानं पॉलिप होतो, असं सिद्ध झालेलं नाही. वाढतं वय, घरातला इतिहास, धूम्रपान, दारू, लठ्ठपणा ही कारणं मात्र पक्की. ताण येतो तो आडवाटेनं. बोंडअळीच्या वर्षी भावाचं बिडीचं एक बंडल दोनावर गेलं, ते कोणी मोजलं नाही. (मीही नाही. डॉक्टरांनी आता आम्हा भावंडांनाही तपासून घ्यायला सांगितलं आहे.)

काही पॉलिपचा पुढे कर्करोग होतो, पण त्याला बहुधा 10 वर्षं तरी लागतात; तेवढ्यात तो सापडला तर काढता येतो. म्हणून चाळिशी ओलांडलेला माणूस रक्त पडतं म्हणत आला, तर ग्रामीण रुग्णालयांनी मलम हातावर टेकवून परत न पाठवता पुढच्या तपासणीची चिठ्ठी द्यावी.

– एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ