टेप घेऊन कुंपणापाशी

॥ श्री ॥

लेचवर्थ (इंग्लंड), ९ नोव्हेंबर

चि. मन्या यास अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मिळाला. वाईच्या आपल्या घराच्या, शेजारच्या आप्पाच्या शेडकडच्या बोळाची मोजणी करून घ्यायची म्हणतोस, अर्जही भरून ठेवला आहेस. फोनवर बोललो असतो, पण फोन लावला की तुझी आई आणि ताई दोघीही स्क्रीनमध्ये घुसतात आणि विषय पोह्यांवर जातो. म्हणून लिहायला बसलो. वेळ भरपूर आहे. सव्वाचारला दिवस मावळतो आणि मावळल्यावर या रस्त्यावर करण्यासारखं काही उरत नाही.

ताईचा हा रस्ता कसा आहे ते तुला अजून नीट सांगितलंच नाही. जोडघरं आहेत. मधल्या एका भिंतीला दोन्हीकडून दोन बिऱ्हाडं. पांढरा गिलावा, उतरतं कौलारू छप्पर, पुढे छोटी बाग आणि तिला प्रिव्हेट नावाच्या झुडपाचं कापून सरळ केलेलं कुंपण. आपल्याकडच्या मेंदीच्या कुंपणाचा गोरा भाऊ म्हण. मागे लांबट बाग, तिला लाकडी फळ्यांचं कुंपण. घरांची दारं बंद. पडदेही बहुतेक बंद. आल्यावर पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. पंखा नाही, कुत्री नाहीत, घाटावरची घंटा नाही; फक्त स्वयंपाकघरातल्या फ्रिजची घरघर, आणि ती थांबली की आपल्याच कानांचा आवाज. तुझी आई म्हणते, इथे हातातून वाटी पडली तरी कुणाची तरी माफी मागावीशी वाटते.

सकाळी फिरायला जातो. समोरून येणारा प्रत्येक जण ‘मॉर्निंग’ म्हणतो, हवेबद्दल एक वाक्य टाकतो आणि पुढे जातो. दोन महिन्यांत माझ्या चार कुत्र्यांशी ओळखी झाल्या. एकाचं नाव आल्फी. त्याच्या मालकिणीचं नाव मला माहीत नाही, विचारायची पद्धतही दिसत नाही. इथल्या काळ्या खारी मात्र बघण्यासारख्या आहेत. आपल्या खारीच्या दुप्पट, कोळशासारख्या काळ्या. कुंपणावरून अशा ऐटीत जातात की जागा त्यांच्याच नावावर असावी.

हे गाव आपोआप असं शांत झालेलं नाही, आखून झालंय. १९०३ साली मोकळ्या शेतजमिनीवर वसवलं. कल्पना एबेनेझर हॉवर्डची. हा माणूस ना इंजिनिअर ना जमीनदार. पार्लमेंटात लघुलेखनाचं काम करायचा. म्हणजे आपल्याच जातकुळीतला कारकून. शहरातली कोंदट घरं बघून त्यानं हिशेब मांडला की ३२ हजार माणसांचं गाव वसवायचं, भोवती शेती ठेवायची, आणि जमीन एकेकाला विकून न टाकता एकत्र ठेवायची, म्हणजे तिची वाढलेली किंमत गावाच्याच कामी येईल. आराखडा पार्कर आणि अनविन या दोघांनी केला. अनविनचा नियम एकरी १२ घरं, जास्त नाहीत. मी लगेच गुंठ्यांत केलं. घरटी सव्वातीन गुंठ्यांच्या वर! आपल्या आळीत तेवढ्यात किती चुली पेटतात ते मोज.

एकत्र जमिनीची ती पद्धत आजही पुष्कळशी टिकून आहे. एक संस्था ती सांभाळते आणि उत्पन्न गावावरच खर्च करते. पण तिची परवानगी काढल्याशिवाय घराला बाहेरून हात लावता येत नाही. खिडकी बदलायची तरी अर्ज. ताई वैतागते. मी तिला म्हटलं, ज्या शांततेसाठी तू जास्तीचे पैसे मोजलेस, तिची ही पावती आहे.

आता तुझ्या कामाचं.

तुला माहीत आहे, माझ्या बॅगेत पाच मीटरची टेप असतेच. ३४ वर्षं भूमी अभिलेखात काढल्यावर मोकळं कुंपण बघून हात शिवशिवतात. भावोजींनी या घराचा नोंदणीचा नकाशा छापून दिला होता. इथला उतारा म्हण. काही पौंड भरले की कुणालाही कुणाच्याही घराचा मिळतो, हे आपल्यापेक्षा बरं की वाईट ते मला ठरवता आलेलं नाही. नकाशा बघून मी खुर्चीतच सरळ बसलो. मापं नाहीत, नुसती घराभोवती तांबडी रेघ. प्रमाण १:१२५०, म्हणजे कागदावरच्या एका मिलिमीटरला जमिनीवर सव्वा मीटर. रेघेच्या जाडीत आपला अख्खा बोळ बसेल! आणि इथला कायदाच सांगतो की ही रेघ हद्द साधारण कुठे आहे एवढंच दाखवते. नेमकी हद्द हवी असेल तर शेजाऱ्याशी बसून ठरवा, नाहीतर वेगळी खटपट करा. आपण १:५०० वर टोकदार पेन्सिलीनं काम केलं आणि एका वितीवरून बाप-लेकांना कोर्टात जाताना पाहिलं. इथे हद्दच सांगितलेली नाही आणि लोक सफरचंदं खात बसलेत.

मग राहवेना. दुपारी कुणी नाही असं बघून मागची बाग मोजली. घराच्या भिंतीपाशी ९.१० मीटर, मागच्या टोकाला ८.९८. कुंपण १२ सेंटिमीटर आपल्याकडे सरकलेलं. खात्री करायला मी दोनदा वाकून मोजलं, आणि वर बघतो तर पलीकडच्या वरच्या खिडकीतला पडदा हलला.

दुसऱ्या दिवशी दाराच्या फटीतून एक कार्ड आत पडलं. सुंदर अक्षर. मजकूर असा की काल आपण कुंपण मोजताना दिसलात, काही अडचण असल्यास जरूर कळवावे, सोयीने बोलू. दोन दारांत दहा पावलांचं अंतर आणि पत्रव्यवहार पोस्टासारखा! ताईचा चेहरा उतरला. “बाबा, टेप घेऊन तिथे काय करत होतात? इथे याचा अर्थ भांडण होतो.” मी म्हटलं, आपल्याकडेही तोच होतो.

मी उत्तर लिहिलं, की मी निवृत्त सर्व्हेअर आहे, सवय जात नाही, क्षमस्व. सोबत फराळाचा डबा. ताईनं दारातच दिला, त्यांनी दारातच घेतला. दोन दिवसांनी डबा पायरीवर आला, धुऊन, पुसून, रिकामा. तुझ्या आईला ते रिकामेपण लागलं. मीही जरा खट्टू झालो, पण त्यांच्याकडे तशी रीत नसेल तर दोष कुणाला द्यायचा.

शनिवारी मात्र पलीकडच्या घरातले आजोबा कुंपणापाशी आले. (ऐंशीच्या आसपास असतील.) हातात जुन्या दस्ताचा नकाशा. त्यावर हद्दीच्या रेघेला टेकलेलं ‘टी’ अक्षर काढलेलं. ‘टी’ ज्याच्या जागेत, कुंपण सांभाळायचं काम त्याचं. ‘टी’ त्यांच्या बाजूला होता. मग त्यांनी सांगितलं, की एका वादळात कुंपण आडवं झालं, नवे खांब रोवताना सफरचंदाची मुळं आड आली, म्हणून खड्डे जरा अलीकडे घेतले. तेव्हा इथे राहणाऱ्या बाई म्हणाल्या, झाड जगू दे. म्हातारा मला म्हणाला, तुम्हाला ती जागा परत हवी आहे का? मी दोन्ही हात हलवून नाही म्हणालो. त्यांच्या झाडाची एक फांदी आपल्याकडे आली आहे. आपल्या हद्दीतली फांदी आपण छाटू शकतो, पण छाटलेली फांदी आणि तिची फळं यांची मालकी त्यांचीच, हा इथला कायदा. फळं खा म्हणाले. आंबट आहेत. तुझ्या आईनं तक्कू केला.

सगळं गोड आहे असं समजू नकोस. दोन मीटरच्या वर गेलेल्या सदाहरित कुंपणाविरुद्ध कौन्सिलात तक्रार करायचाही कायदा आहे, म्हणजे भांडणारे असणारच. आणि गेल्या आठवड्यात रात्री चार घरं सोडून ॲम्ब्युलन्स आली. निळा दिवा सगळ्या भिंतींवरून फिरत होता. एकही दार उघडलं नाही. मी एकटा फाटकापाशी चपला घालून उभा, जावं की नाही कळेना. ताईनं आत बोलावलं, म्हणाली, त्यांना आवडणार नाही. सकाळी तिथे पडदे तसेच होते. कोण गेलं, कोण वाचलं, अजून कळलेलं नाही. तेव्हा मला या गावाचा राग आला. आपल्या आळीत निदान आप्पा तरी धावला असता. तुझी आई पडली तेव्हा रिक्षा त्यानंच आणली होती.

आता आप्पाच्या शेडबद्दल तुला न सांगितलेली गोष्ट. तुझं माप बरोबर आहे, खांब नऊ इंच आपल्याकडे आहे. तो तिथे रोवला तेव्हा मी शेजारी उभा होतो. ड्रेनेजचा चेंबर मध्ये येत होता. आप्पा चेंबर फोडायला निघाला होता, मीच म्हटलं, खांब अलीकडे घे. कागदावर काही नाही. लगतधारक, म्हणजे लागून असलेल्या जागेचा मालक, म्हणून उद्या त्याला मोजणीची नोटीस गेली, तर त्याला वाटेल ती मी इथून पाठवली.

म्हणून अर्ज टाकू नकोस. मी २२ ला पहाटे मुंबईत उतरतो, दुपारपर्यंत वाईत असेन. तोवर बोळाकडची जास्वंद वाढली असेल, तर आपल्या अंगाची छाट, त्याच्या अंगाची त्याला विचारून छाट. आणि आप्पाचा गुडघा कसा आहे ते कळव. ऑपरेशनची तारीख मिळाली का, ते त्याला नीट विचार. तो फोनवर मला सांगत नाही.

तुझे
बाबा